बेल्टचा ‘चीं’ आवाज येतोय? बदलण्याआधी एवढं वाचून घ्या

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून ‘चीं’ असा आवाज, दोन मिनिटांत थांबतो, मग एसी लावला की परत. पावसाळा लागला की ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या आमच्याकडे वाढतात. बहुतेक वेळा दुखणं बाहेरच्या बेल्टचं असतं, ज्याला कोणी फॅन बेल्ट म्हणतं, कोणी अल्टरनेटर बेल्ट. एकच पट्टा नागमोडी फिरून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपसुद्धा चालवतो. इंजिनच्या आतला टायमिंग बेल्ट वेगळा हां, तो बदलायचं काम मोठं असतं, दोन्हींत गल्लत नको.

हा तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी गार करत नाही, जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंग एकदम जड होतं, आणि वॉटर पंप त्याच्यावरच असेल तर इंजिन तापतं. आमचे एक ग्राहक काका घरच्यांना घेऊन साताऱ्याला निघाले होते, खंबाटकी घाटात बेल्ट गेला, तापमानाचा काटा चढताना दिसत होता पण घाट संपला की थांबू म्हणून चालवत राहिले आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं, खर्च बेल्टच्या कित्येक पट. त्यामुळे काटा चढला की तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आम्हाला फोन करा.

“बेल्टला भेगा नाहीत, चांगलाच आहे की” असं बरेच जण म्हणतात. पूर्वी निओप्रीनचे बेल्ट असायचे, त्यांना भेगा पडायच्या. आताचे ईपीडीएम रबराचे, ते टायरसारखे झिजतात, खाचा रुंद होत जातात, बेल्ट पुलीत, म्हणजे ज्या चाकावरून तो फिरतो त्यात, खोल बसतो आणि घसरायला लागतो. डोळ्याला पटकन कळत नाही, म्हणून आम्ही खाचेत झीज मोजायचं गेज घालून तुमच्यासमोर बघतो.

आणि नुसता बेल्ट बदलून गाडी परत द्यायची आमची पद्धत नाही. बेल्ट काढला की टेन्शनर (बेल्टला ताण देणारा) आणि आयडलर (बेल्टला वळवणारी मोकळी पुली) हाताने फिरवून बघतो, खरखर लागली किंवा टेन्शनरची स्प्रिंग सैल वाटली तर तेही बदला असं स्पष्ट सांगतो, नाहीतर नवा बेल्टही थोड्याच दिवसांत ओरडायला लागतो. ऑइल किंवा कूलंट बेल्टवर गळत असेल तर आधी ती गळती. बेल्टवर मारायचा स्प्रे मात्र कृपया वापरू नका, आवाज चार दिवस दबतो, धूळ चिकटते आणि खरं कारण तसंच राहतं.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून स्वतः बेल्ट आणणार असाल तर जुन्यावरचा नंबर बघून आणा. 6पीके1750 म्हणजे बेल्टच्या आतल्या बाजूला सहा उभ्या धारा आणि लांबी 1750 मिमी. थोडा लांब बेल्ट बसतो खरा, पण टेन्शनर शेवटपर्यंत जातो आणि ताण राहत नाही. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, ताणून बसवायचा बेल्ट असतो, तो एकदा काढला की परत वापरायचा नाही, नवाच घालायचा.

जुना बेल्ट तुमच्या हातात देऊ. शक्य असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला लावून जा, कारण हा आवाज गार इंजिनवर नीट ऐकू येतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून इथपर्यंत येईतो तो गायब झालेला असतो.