अमेरिका-पत्रे, इंग्रज स्थलांतरितांची

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेत स्थायिक झालेल्यांनी घरी पाठवलेली आणि कुटुंबांत जपली गेलेली पत्रे. जमिनीचे भाव, मजुरी, पिके, आजारपण, मागून कोणी यावे आणि येताना काय आणावे, हे त्यांत तपशिलाने येते. इलिनॉयमधील ॲल्बियन ही अशीच एक इंग्रज वसाहत. बहुतेक संग्रहांत उत्तरे नसतात. संवादाची एकच बाजू हाती लागते.

या पत्रांचे रूप टपालखर्चाने घडवले. अमेरिकेत १८४५ पर्यंत दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. पाकीटही वेगळा कागद धरले जाई. म्हणून एकच मोठा ताव मधोमध दुमडून चार पाने करीत, पत्त्यापुरती जागा सोडून बाकीची भरीत आणि घडीवर लाख लावीत. जागा संपली की कागद काटकोनात फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच आडवे लिहीत. असे पान वाचताना आधी एकाच दिशेच्या ओळी संपवाव्यात, मग कागद फिरवावा. आडवा मजकूर बहुधा पहिल्या पानावर सुरू होतो, पण तो पत्राचा शेवट असतो.

लाख फोडताना कागदाचा तुकडा निघून शब्द गळतात. तो तुकडा पुष्कळदा लाखेखालीच चिकटलेला असतो, म्हणून लाख खरवडू नये. पत्त्याची बाजू तर कधीच टाकू नये. अमेरिकी टपालाच्या शिक्क्यात अनेकदा वर्ष नसते, पण पावणेएकोणीस सेंटांचा टपालदर लिहिलेला दिसला तर पत्र १८२५ ते १८४५ मधले. १८४९ पासून दोन्ही देशांच्या करारानुसार अर्ध्या औंसाला २४ सेंट पडू लागले. १८६८ मध्ये १२, १८७० मध्ये ६.

शाई बहुधा मायफळ, हिराकस (लोहाचा एक क्षार) आणि गोंदाची. तिच्यातले आम्ल कागद खाते: अक्षरे तपकिरी होतात, मागे उमटतात, शेवटी त्यांच्या जागी भेगा पडतात. दमटपणाने हे वेगाने घडते. त्यामुळे घड्या सोडवायला पाणी किंवा वाफ वापरू नये. कागद अडला तर जोर लावू नये. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन हे सर्वांत वाईट उपाय, कारण ते नीट परत काढता येत नाहीत. चिंध्यांचे जुने कागद टिकाऊ असतात. शतकाच्या उत्तरार्धातले लाकडी लगद्याचे कागद पिवळे पडून घडीवर तुटतात.

पत्र आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवावे. तापमान १८ ते २० अंश सेल्सियस, आर्द्रता ३५ ते ५० टक्के. क्रमांक कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने घालावा. नक्कल करताना लेखकाचे चुकलेले स्पेलिंग तसेच ठेवावे. त्यातून त्याचा बोलण्याचा उच्चार कळतो.