०.९२ आणि ०.५० मिळून १.३५ कसे?

मे महिन्यात नागपुरात कूलर दिवसरात्र सुरू असतो. समजा तो ०.९२ अँपिअर करंट घेतो आणि त्याच लाइनवरचे तारेचे पिवळे बल्ब मिळून ०.५०. मेन वायरला क्लॅम्प मीटर लावलं तर १.४२ दिसायला हवं. दिसतं १.३५. मीटर ठीक आहे, बेरीज चुकली.

बल्बचा करंट व्होल्टेजच्या तालात चालतो, मोटरचा मागे रेंगाळतो. म्हणून मोटरला एक आकडा पुरत नाही. तालातला किती आणि मागचा किती, असे दोन लागतात. हीच संमिश्र संख्या. ती अ + ब×आय अशी लिहितात आणि आयचा वर्ग −१ असतो. (कॉलेजची मुलं त्याला आयोटा म्हणतात. विजेचे इंजिनिअर 'जे' लिहितात, कारण त्यांच्याकडे आय हे अक्षर करंटने आधीच अडवलेलं.)

वर्ग ऋण कसा, हे झिरो माइलला उभं राहून बघा. इतवारीच्या बाजूने पूर्वेला ३ किलोमीटर, मग सदरच्या बाजूने उत्तरेला २ : ही झाली ३ + २आय. तिला आयने गुणलं की ३आय + २आय², म्हणजे −२ + ३आय. पश्चिमेला २, उत्तरेला ३. अंतर तेच, फक्त दिशा डावीकडे ९० अंश वळली. असं दोनदा वळलं की तोंड उलट होतं; आय² = −१ म्हणजे एवढंच. 'काल्पनिक' या नावाने उगाच धास्ती घातली आहे.

आता कूलर. मोटरचा एकूण अडथळा २०० + १५०आय ओहम धरू. करंट म्हणजे २३० व्होल्ट भागिले हा अडथळा. छेदातला आय घालवायला वर-खाली २०० − १५०आय ने गुणायचं. छेद होतो २००² + १५०², म्हणजे ६२,५००. इथेच बरेच जण वजा करतात, कारण आय² चं ऋण चिन्ह विसरलेलं असतं. मग छेद १७,५०० येतो आणि बिचारा कूलर कागदावर ३.२९ अँपिअर ओढतो. बरोबर उत्तर ०.७३६ − ०.५५२आय. दोन्ही भागांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा, ०.९२ येतं.

बल्बचे ०.५० फक्त पहिल्या भागात मिळवायचे : १.२३६ − ०.५५२आय. वर्गमूळ १.३५. मीटरने हेच सांगितलं होतं.

कूलरची खरी शक्ती २३० × ०.७३६, म्हणजे सुमारे १६९ वॅट. ०.९२ ने गुणून येणारे २१२ नव्हेत. मागे रेंगाळणारा भाग वायर तापवतो, पंखा फिरवत नाही. तो खोडायला लाइनला समांतर कंडेन्सर लावतात, कारण त्याचा करंट पुढे धावतो. +०.५५२आय हवा असेल तर ५० हर्ट्झला सुमारे ७.६ मायक्रोफॅरड लागतात. मोटरला आधीपासून असलेला कंडेन्सर मात्र वेगळा. तो स्टार्टिंग वायंडिंगच्या सिरीजमध्ये असतो. तो काढून इकडे लावला तर मोटर नुसती गुरगुरत बसेल.