संदर्भ विभागातील नोंदव्यवस्था (ठाणे–नवी मुंबई)

सार्वजनिक ग्रंथालयात घरी न देता तिथेच बसून पाहायला मिळणाऱ्या ग्रंथांची दाखल, मांडणी, शोध व पडताळणी करण्याची पद्धत. कोश, गॅझेटिअर (जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ), ग्रंथसूची, नकाशे, नियतकालिकांच्या बांधीव फायली आणि वर्तमानपत्री कात्रणे यांचा त्यात समावेश होतो. ठाण्यात हे काम जुने आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय येथे १८९३ मध्ये स्थापन झाले. संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे हे जुन्या मराठी वाङ्मयाचे इतिहासकार होते.

देवघेवीच्या पुस्तकाचा माग सोपा असतो: ते बाहेर गेले की वाचकाच्या नावावर चढते. संदर्भग्रंथ दाराबाहेर जात नाही, पण आतल्या आत हरवतो. वाचकाने तो दोन फळ्या चुकवून ठेवला की नोंदीत असूनही तो नाहीसाच होतो. म्हणून ‘ग्रंथ जागेवर ठेवू नयेत, टेबलावरच ठेवावेत’ अशी पाटी लावतात. संध्याकाळी टेबलावरचे ग्रंथ मोजून वापराचा आकडाही मिळतो. अर्थात ज्या खोलीत स्पर्धा परीक्षांची मुले आपापली पुस्तके घेऊन दिवसभर बसतात, तिथे ग्रंथालयाची प्रत कोणती हे शिक्का पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रत्येक प्रतीला दाखल नोंदवहीत स्वतंत्र क्रमांक मिळतो, बहुखंडी ग्रंथात प्रत्येक खंडाला. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढचे खंड कित्येक वर्षे एकेक करून येत राहिले. त्यामुळे ते नोंदवहीत दूरदूरच्या पानांवर विखुरलेले असतात, फळीवर मात्र एका ओळीत. ही ओळ वर्गांकाने, म्हणजे विषयानुसार दिलेल्या आकड्याने, लागते. ड्युई दशांश पद्धतीत सामान्य ज्ञानकोश ०३० च्या गटात, मराठी भाषा ४९१.४६ ला आणि मराठी साहित्य ८९१.४६ ला येते.

या भागाची खरी अडचण गॅझेटिअरशी येते. पनवेल आज रायगड जिल्ह्यात आहे, पण १८८२ च्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये ते ठाणे जिल्ह्याच्या खंडांत सापडते. पुढे ते कुलाब्यात गेले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नावच रायगड झाले. नवी मुंबईत तर ठाणे आणि कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांतली गावे आली. आपल्या गावाची जुनी माहिती मागणाऱ्या वाचकाला नुसता ‘रायगड’चा खंड काढून दिला तर तो रिकाम्या हाताने परततो. ‘पनवेल – ठाणे (१८८२) पाहा’ एवढे एक निर्देशपत्र (दुसऱ्या नोंदीकडे पाठवणारे कार्ड) तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या यादीत, असले की हा हेलपाटा वाचतो. वर्गांक काटेकोर असण्यापेक्षा अशी निर्देशपत्रे अधिक उपयोगी पडतात, आणि नेमकी तीच करायची राहून जातात.

कात्रणांना विषयवार पाकिटे असतात. प्रत्येकावर वर्तमानपत्राचे नाव व तारीख हवी, नाहीतर कात्रण संदर्भ म्हणून कुचकामी. खाडीकाठच्या दमट हवेत कसर आणि बुरशी लवकर धरते. पावसाळ्यात तळाची फळी रिकामी ठेवणे शहाणपणाचे.

संगणकावर यादी आणताना ‘ठाणे’ आणि ‘ठाणा’ ही दोन्ही रूपे एकमेकांना जोडावी लागतात. इंग्रजी नोंदींची जुनी स्पेलिंगे वेगळीच.

साठा पडताळणीत एक जण नोंदवहीतला क्रमांक वाचतो, दुसरा फळीजवळून ‘आहे’ म्हणतो. ‘आहे’ आले नाही तर पेन्सिलीने खूण करून पुढे जातात. मग आजूबाजूच्या फळ्या, टेबले आणि बाइंडिंगला गेलेल्यांची यादी पाहतात. तिथेही मिळाले नाही, तरच शाईने ‘गहाळ’ लिहितात.