गोड बातमी, दबक्या आवाजात

आयव्हीएफनं, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारानं, दिवस गेले की घरात पहिल्यांदा ठरतं ते हे, की कुणाला सांगायचं नाही. तीन महिने तर दिवस गेल्याचंही नाही, आणि ट्रीटमेंटचं कधीच नाही. ही लपवाछपवी तंत्राच्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या सरकारी रुग्णालयात १९७८ साली लेस्ली ब्राउन दाखल झाली ती ‘रिटा फर्ग्युसन’ या खोट्या नावानं. पत्रकार मागावर होते. २५ जुलैला रात्री बाराला थोडा वेळ असताना सिझेरियननं लुईझ जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. ऑपरेशन चालू असताना कॅमेराही चालू होता, कारण लेस्लीच्या बीजनलिका शिल्लक नाहीत, म्हणजे आपोआप दिवस जाणं शक्यच नव्हतं, हे जगाला दाखवायचं होतं. बाळ झालं एवढं पुरेसं नव्हतं, पुरावाही हवा होता.

सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून याच तंत्रानं एक मुलगी जन्मली. तिची ओळख ‘दुर्गा’ अशीच दिली गेली. मुखर्जींनी तो गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला होता. आज जिला सगळे ‘फ्रोझन ट्रान्सफर’ म्हणतात, तीच ही पद्धत. पण समाजाच्या धाकानं आईवडील पुढे आले नाहीत, आणि राज्य सरकारच्या समितीनं दावा फेटाळला. मुखर्जींची बदली थेट नेत्रविज्ञान संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. दुर्गा स्वतःच्या खऱ्या नावानं लोकांसमोर आली ती पंचविशीत.

मग मुंबई. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांचं हे काम. देशातलं पहिलं म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण १९९७ मध्ये मुखर्जींची टिपणं वाचून आनंद कुमारांनीच सांगितलं की पहिला मान मुखर्जींचा. स्वतःच्या नावावर लागलेला ‘पहिला’ असा काढून देणारा माणूस विरळाच.

या इतिहासात एक गोष्ट खटकते. प्रत्येक कहाणी बाळाच्या पहिल्या रडण्याशी संपते. त्याआधीचे नऊ महिने आणि नंतरची रात्रंदिवसाची जागरणं आईनं कशी काढली, याची फारशी नोंदच नाही.

ते नऊ महिने वेगळे असतात. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यावर, साधारण दोन आठवडे ‘बीटा’च्या, म्हणजे दिवस गेलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टची वाट बघायची. तो पॉझिटिव्ह आला तरी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, चालूच राहतं. तेलातलं इंजेक्शन घट्ट असतं, म्हणून बाटली तळहातात धरून कोमट करायची, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. कुल्ल्यावर गाठी येतात, बसताना बाई एका बाजूला कलते आणि सासूबाई विचारतात, ‘पाठ धरली का गं?’ सगळं ठीक दिसलं की आठव्या-दहाव्या आठवड्यात फर्टिलिटीवाले फाइल हातात देतात, आता नेहमीच्या डॉक्टरकडे जा. त्या फाइलवर पुढचे डॉक्टर अनेकदा लिहितात, ‘प्रेशस प्रेग्नन्सी’. या शब्दामुळे काळजी वाढते आणि सिझेरियनचा निर्णयही लवकर होतो. बाकीच्यांचं बाळ काय स्वस्तातलं असतं?

आपल्याकडे मुलं जगत नसत तेव्हा धोंडू, दगडू, भिकू अशी नावं ठेवत, दृष्ट लागू नये म्हणून. आताचं गप्प राहणं त्याच घरातलं आहे. डोहाळजेवण सातव्यात करायचं की नाही, फोटो टाकायचा की नाही, पाळणा आधी आणायचा की नंतर, सगळीकडे तीच धास्ती.

यश हमखास यावं म्हणून अनेक वर्षं दोन-तीन गर्भ एकदम सोडत. त्यातून जुळी-तिळी झाली, दिवस भरायच्या आत झाली, आणि कितीतरी आयांनी बाळ पहिल्यांदा पाहिलं ते एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, काचेआडून. आता एकच गर्भ सोडण्याकडे कल आहे.

बाळ घरी आल्यावरही बोलायची सोय नसते. दूध उतरत नाही, झोप नाही, कारण नसताना रडू येतं, पण ‘एवढं करून मिळालंय, आता कसली तक्रार?’ हे ऐकवायला कुणी लागत नाही, तीच स्वतःला ऐकवते. परक्या स्त्रीचं बीज वापरलं असेल तर नाक कुणावर गेलंय या बारशातल्या साध्या प्रश्नानंही पोटात गोळा येतो. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानं असं मूल त्या जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं आहे आणि उपचाराआधी समुपदेशन क्लिनिकवर बंधनकारक केलं आहे. बाळंतपणानंतरच्या या दिवसांचं काय, ते ज्याचं त्यानं बघायचं.

हर्षाला २०१६ मध्ये मुलगा झाला, तेव्हा बाळंतपणाला डॉ. हिंदुजाच होत्या. वर्तमानपत्रांत फोटो आले. उघडपणे, नावानिशी.

बाकीच्यांचं अजून बाळंतपणासाठी नाव नोंदवण्यापासूनच अडतं. ‘शेवटची पाळी कधी?’ सिस्टर पेन सरसावून विचारते. पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर पाळीची तारीख धरायला ट्रान्सफरच्या आधी १९ दिवस मोजायचे, हे हिनं घरीच कॅलेंडरवर मोजून ठेवलेलं असतं. शेजारच्या खुर्चीवर मामेसासू बसलेल्या. ही न अडखळता तारीख सांगते.