पीएमपीची तूट आणि दोन महापालिका

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या अंदाजपत्रकात दरवर्षी पीएमपीच्या, म्हणजे दोन्ही शहरांच्या सामायिक बससेवेच्या, संचलन तुटीसाठी तरतूद असते. दरवर्षी त्यावर तीच चर्चा होते: एवढा तोटा का? खरं तर ही बससेवा कोणाची आणि तिचा खर्च कोणी उचलायचा, हेच पुरतं ठरलेलं नाही.

१९४०च्या दशकात पुण्यात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनी बस चालवत होती. १९५० मध्ये महापालिका स्थापन झाली आणि ही सेवा तिच्याकडे येऊन पीएमटी ही पालिकेची परिवहन सेवा उभी राहिली. १९४९च्या महापालिका कायद्यात परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक आणि स्वतंत्र परिवहन निधी अशी रचना होती. जाब कोणाला विचारायचा, हे प्रवाशाला ठाऊक असे. १९७४ मध्ये पिंपरी-चिंचवडची स्वतःची बससेवा, पीसीएमटी, सुरू झाली. दोन्ही शहरं एकमेकांना भिडली, तसं एका रस्त्यावर दोन संस्था धावण्याला अर्थ उरला नाही.

२००७ मध्ये दोन्हींचं विलीनीकरण होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड, म्हणजेच पीएमपी, ही कंपनी झाली. पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. तूटही त्याच प्रमाणात भरायची. त्या काळात जेएनएनयूआरएम या शहरविकासाच्या केंद्रीय योजनेतून बसखरेदीला केंद्राचा पैसा मिळाला, पण तो खरेदीपुरता. डिझेल, पगार, दुरुस्ती यांचा भार तिकीट, पास, जाहिराती आणि दोन पालिकांवरच राहिला.

कंपनी झाली तरी स्वायत्तता आली नाही. संचालक मंडळावर दोन्ही पालिकांचे महापौर, आयुक्त, स्थायी समित्यांचे अध्यक्ष. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक राज्य सरकारने नेमलेला सनदी अधिकारी. हे अधिकारी फार काळ टिकत नाहीत. तुकाराम मुंढे २०१७च्या मार्चमध्ये आले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बदलून गेले. ज्या संस्थेचं बसखरेदीचं नियोजन पाच-दहा वर्षांचं असायला हवं, तिला असा धक्का परवडत नाही. मार्च २०२२ मध्ये दोन्ही पालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर काही वर्षं मंडळावर लोकप्रतिनिधीच नव्हते.

पैसे देणाऱ्यांची स्थितीही पालटली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे मिळणारी जकात हा मोठा आधार होता. २०१३ मध्ये जकातीच्या जागी एलबीटी हा स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये जीएसटी. आता पालिका राज्याच्या भरपाई अनुदानावर अवलंबून आहेत. मेट्रोत केंद्र आणि राज्य स्वतः भागधारक आहेत; रोज कितीतरी जास्त माणसं नेणाऱ्या बसला तसा आधार नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

त्यात बस आता दोन्ही पालिकांच्या हद्दीबाहेर खूप दूरवर जाते. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झालं, आणि हद्दीबाहेरच्या तुटीचा वाटा त्याने उचलावा ही मागणी पुढे आली. ती रास्तच आहे: ज्या गावांना बस हवी, त्यांच्या विकासशुल्कातून तिला पैसा का मिळू नये?

दरम्यान भार प्रवाशावर येतो. जून २०२५ मध्ये किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये, दैनंदिन पास ४० वरून ७० आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपये झाला. घरकामाला, कारखान्यात, कॉलेजला जाणाऱ्यांनी ही वाढ सोसली, आणि तुटीचं गणित तरीही मुख्यतः दोन पालिकांच्या अंदाजपत्रकांतच अडकून आहे.