डीपी ट्रान्समीटर आणि रडार यांचे आकडे जुळत का नाहीत

द्रवाची पातळी मोजण्यासाठी एकाच टाकीच्या तळाशी डीपी (डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे दाबातला फरक मोजणारा) ट्रान्समीटर आणि माथ्यावर रडार बसवलेले असते, स्क्रीनवर दोघांचे आकडे वेगळे दिसतात आणि शिफ्टच्या लॉगबुकात तीच नोंद पुन्हा उमटते: ‘रडार चुकीचे दाखवते, इन्स्ट्रुमेंटला कळवले.’ मग इन्स्ट्रुमेंटचा माणूस येतो, रडारचा ऑफसेट (वाचनात मिळवायचा ठरावीक फरक) बदलून त्याचा आकडा डीपीशी जुळवतो, आणि दोन दिवसांनी फरक पुन्हा हजर होतो. ही नोंद वाचून मी कंटाळलो आहे, कारण अशा वेळी दोन्ही उपकरणे बहुधा ठणठणीत असतात आणि जो ऑफसेट बदलला जातो तोच खरा बिघाड ठरतो.

डीपीविषयी वाचकाला नव्याने सांगण्यासारखे फारसे नाही. तळाजवळच्या टॅपवर, म्हणजे दाब घेण्याच्या जोडणीवर, द्रवाच्या स्तंभाचा दाब डायफ्रामवर (पातळ पडद्यावर) येतो, बंद टाकी असल्यास वरच्या वाफेचा दाब ट्रान्समीटरच्या दुसऱ्या बाजूला, लो साइडला, जोडून वजा केला जातो आणि उरलेल्या दाबाचा ४ ते २० मिलिअँपिअरचा विद्युत संकेत होतो. रडार वरून सूक्ष्मलहरी सोडते, त्या पृष्ठभागावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळावरून रिकाम्या जागेची खोली काढते आणि ती टाकीच्या उंचीतून वजा करते. अचूकता, किंमत आणि वायरिंग यांची तुलना कोणत्याही कॅटलॉगात मिळते. घोटाळा तिथे होत नाही.

घोटाळा ‘लेव्हल ट्रान्समीटर’ या नावात आहे. डीपी लेव्हल मोजत नाही. तो टॅपच्या वर उभ्या असलेल्या द्रवाचा भार मोजतो आणि कॅलिब्रेशनच्या दिवशी कोणीतरी कागदावर लिहिलेल्या विशिष्ट गुरुत्वाने (द्रव पाण्याच्या किती पट जड आहे त्या आकड्याने) त्या भाराला भागून उंचीचा अंदाज करतो. विशिष्ट गुरुत्वाचा तो आकडा ट्रान्समीटरच्या रेंजमध्ये मुरलेला असतो, स्क्रीनवर कुठेही दिसत नाही, आणि म्हणूनच त्याचा सर्वांना विसर पडतो. रडारला मात्र द्रव जड आहे की हलका याच्याशी देणेघेणे नसते. पृष्ठभाग कुठे आहे एवढेच ते सांगते.

चार मीटर उंचीवर ओव्हरफ्लो (जादा द्रव बाहेर सांडण्याचा पाइप) असलेली एक उघडी टाकी घ्या. तिच्यात ५० टक्के कॉस्टिक सोडा साठवला जातो, ज्याचे विशिष्ट गुरुत्व साधारण तापमानाला सुमारे १.५२ असते. टॅप तळाशीच आहे असे धरले, तर डीपीची रेंज शून्य ते ६०८० मिलिमीटर वॉटर कॉलम (तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब; ४००० गुणिले १.५२) अशी बांधली जाईल आणि कॉस्टिक असेपर्यंत सर्व सुरळीत चालेल. आता टाकी रिकामी करून धुण्यासाठी साधे पाणी भरा. पाणी ओव्हरफ्लोला टेकले तरी तळाशी दाब फक्त ४००० मिलिमीटर वॉटर कॉलम असतो, म्हणजे स्क्रीनवर जेमतेम ६६ टक्के. हाय अलार्म ८० टक्क्यांवर असेल तर तो वाजणारच नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी जमिनीवर पडत असताना कंट्रोल रूममध्ये टाकी दोन तृतीयांशच भरलेली दिसते. उलट पाण्यावर कॅलिब्रेट केलेल्या डीपीखाली कॉस्टिक आले, तर दोन मीटर द्रव तीन मीटरहून थोडा अधिक दिसतो आणि २.६३ मीटरलाच स्क्रीनवर १०० टक्के लागतात. कोणत्याही प्रकारात ट्रान्समीटर बिघडलेला नाही. त्याला दिलेला भाजक शिळा झाला आहे.

तापमानाचा प्रकार याहून सूक्ष्म आहे आणि लोक फसतात ते अधिक करून इथेच. सरळ भिंतींच्या टाकीत २० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवले, तर त्याची घनता सुमारे अडीच टक्क्यांनी घटते आणि पाणी फुगून तेवढेच वर चढते. रडार ही चढण प्रामाणिकपणे दाखवते. डीपीचा आकडा जवळजवळ जागचा हलत नाही, कारण टाकीत एक थेंबही वाढलेला नाही आणि तळावरचा भार तोच आहे. ‘माल किती आहे’ या प्रश्नाचे उत्तर डीपीने बरोबर दिले आणि ‘द्रव कुठवर आला’ या प्रश्नाचे उत्तर रडारने बरोबर दिले. या दोन उत्तरांना एकमेकांशी जुळवण्याचा हट्ट धरणे म्हणजे थर्मामीटर आणि वजनकाटा यांचे आकडे सारखे का येत नाहीत म्हणून तक्रार करण्यासारखे आहे.

घनतेवर अवलंबून असलेली उपकरणे डीपीपुरती थांबत नाहीत. द्रवाच्या उत्प्लावक बलावर चालणारा डिस्प्लेसर याच कुळातला आहे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सस सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात एक टॉवर सुरू करताना द्रव सुमारे ४८ मीटरपर्यंत चढला. तळाजवळचा थोडाच भाग मोजणारा डिस्प्लेसर तोवर पूर्ण बुडालेला होता आणि त्याचे कॅलिब्रेशन चुकीच्या विशिष्ट गुरुत्वावर केलेले होते. बुडालेल्या डिस्प्लेसरवरचे बल फक्त घनतेवर ठरते. द्रव तापून हलका होत गेला, तसा स्क्रीनवरचा आकडा सावकाश खाली उतरत ७८ टक्क्यांच्या आसपास आला. टॉवर भरत होता आणि लेव्हल उतरताना दिसत होती. त्या स्फोटात १५ माणसे मेली. दुर्घटनेला इतरही अनेक कारणे होती, पण ‘घनतेने काय एवढा फरक पडतो’ असे म्हणणाऱ्याला मी आधी हा प्रसंग ऐकवतो.

याचा अर्थ रडार निर्दोष आहे असा नाही. दाट फेस लहरी शोषून घेतो, अँटेनावर साका (मालाचा थर) धरला की प्रतिध्वनी क्षीण होतो आणि हलक्या तेलांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (जो जितका जास्त तितकी लहर जोराने परतते) दोनच्या आसपास असल्याने, पाण्याच्या सुमारे ८० च्या तुलनेत, परतणारी लहर फारच दुबळी असते. ८० गिगाहर्ट्झच्या रडारचा झोत अरुंद असल्याने ढवळणीची पाती आणि शिड्या चुकवणे सोपे जाते, एवढे मात्र खरे. ध्वनिलहरींनी पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिकलाही ‘रडारच’ म्हणण्याची सवय मला मुळीच सहन होत नाही: ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाने आणि वाफेने बदलतो, सूक्ष्मलहरींचा जवळजवळ नाही.

माझा कल स्पष्ट आहे. जिथे टाकी सांडण्याचा धोका आहे आणि द्रवाची तीव्रता (त्यात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) बदलते, तिथे हाय लेव्हलची राखण डीपीवर सोपवू नये. जिथे साठ्याचा हिशेब टनांत द्यायचा आहे, तिथे सरळ भिंतींच्या टाकीवर डीपीच अधिक विश्वासू आहे आणि त्याचा आकडा टक्क्यांत दाखवण्याऐवजी सरळ टनांत दाखवावा.

दोन्ही उपकरणे असतील तर त्यांच्यातील फरक हीच माहिती आहे. डीपीच्या दाबाला रडारच्या उंचीने भागले की सरासरी घनता मिळते आणि तापमान ठाऊक असल्यास तीवरून कॉस्टिकची तीव्रता काढता येते. द्रवाच्या विद्युत वाहकतेवरून तीव्रता काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की सल्फ्युरिक आम्लाची वाहकता ३० टक्क्यांच्या आसपास शिखर गाठून पुढे उतरते, त्यामुळे एकाच वाचनाला दोन तीव्रता लागू पडतात. घनतेचा आलेख तसा दगा देत नाही, मात्र ९८ टक्क्यांजवळ तोही सपाट होतो. भागाकार करण्यापूर्वी डीपीचा टॅप तळापासून जितका वर असेल तितकी उंची रडारच्या आकड्यातून वजा करावी, हे बहुतेक जण विसरतात. शिवाय रडारची पाच मिलिमीटरची चूक तीन मीटर द्रवावर कॉस्टिकच्या तीव्रतेत पाव टक्क्याच्या आसपास येते, तर ३०० मिलिमीटरवर तीच चूक अडीच टक्क्यांवर जाते. म्हणून टाकी एक मीटरखाली उतरली की हा आकडा मी स्क्रीनवर दिसूच देत नाही.