पार्श्वभूमी : झाडीपट्टीतला ‘मॅनेजर’ नेमका कोणाचा?

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धान-जंगलाच्या पट्ट्यातल्या नाटकांत काम करणाऱ्या गायक-वादकांचं काम कोण सांभाळतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : मॅनेजर. या एका शब्दात दोन वेगळी माणसं दडलेली आहेत. एक नाट्यकंपनीच्या ऑफिसात बसून तारखा देतो. दुसरा एखाद्या गायिकेचा फोन सांभाळतो आणि तिच्या कमाईतला टक्का घेतो. आज वडशात, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या नाट्यकंपन्यांच्या गावात, करारावरून जे वाद होतात, त्यांतले बरेच या गोंधळातून निघतात.

मुळात मॅनेजरची गरजच नव्हती. दंडार आणि खडी गंमत हे इथले जुने लोकनाट्यप्रकार गावचीच माणसं करत. ढोलकीवाला गावातला, गाणारा गावातला, बायकांची कामं पुरुषच करायचे. खर्च दिवाबत्तीचा आणि जेवणाचा. १८८० साली पुण्यात संगीत नाटक उभं राहिलं, पुढे त्याची पदं फिरत्या मंडळ्यांबरोबर इकडेही आली आणि गावातल्या हौशी मंडळांनी ती उचलली. मग बाहेरून नटी आणायची, पेटीवाला आणायचा, असं सुरू झालं. बाहेरचा माणूस आला म्हणजे पैसे ठरवणारा मध्यस्थ आलाच.

तो मध्यस्थ वडशात स्थिरावला. गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांतून यायला सोयीचं. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, तरी झाडीच्या माणसाला ती सीमा नाटकाच्या बाबतीत कधी जाणवली नाही. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्या रात्री नाटक हवंच; पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात.

व्यवहार साधा आहे. गावातल्या मंडळाची पोरं वडशाला येतात, नाटक निवडतात, तारीख धरतात, इसार देतात. पडदे, लाइट, साऊंड, नट-नट्या, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, सगळं एका आकड्यात. तिकिटं मंडळ विकतं, फायदा-तोटा मंडळाचा. कंपनी त्या आकड्यातून प्रत्येक कलाकाराची ‘नाईट’, म्हणजे एका रात्रीचं मानधन देते, गाडीचं भाडं देते, उरेल ते निर्मात्याचं, म्हणजे कंपनीच्या मालकाचं. नाटकांचा हंगाम दिवाळी ते होळी, म्हणजे फार तर एकशेतीस-पस्तीस रात्री. कंपनीला वाढायचं तर त्यांतल्या जास्तीत जास्त रात्री भरायच्या, नाहीतर दुसरा संच उभा करायचा. म्हणजे निर्मात्याचा खरा माल तारीख आहे, आणि ती भरायला कलाकार हाताशी बांधलेला लागतो.

बांधायचं कसं, तर उचल, म्हणजे आधीच हातात दिलेली रक्कम देऊन. पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असते, नाटकाचं काम नसतं, घरात पैसा नसतो. तेव्हा घेतलेली उचल हंगामात नाईटीतून कापली जाते. ही उचल कर्ज की आगाऊ मेहनताना? कर्ज म्हटलं, तर हंगामात तारखा कमी मिळाल्यावर उरलेली रक्कम कलाकाराच्या डोक्यावर राहते आणि पुढचा हंगामही त्याच कंपनीत काढावा लागतो. आगाऊ मेहनताना म्हटलं, तर तारखा मिळवून देणं ही कंपनीची जबाबदारी, आणि भरल्या गेल्या नाहीत त्या रात्रींचा तोटाही कंपनीचा. शहरातल्या संगीत कंपन्याही गायकाला आगाऊ रक्कम देतात आणि त्याच्या रॉयल्टीतून वळती करतात. पण नीट लिहिलेल्या करारात ती रक्कम कमाईतूनच फिटते, गायकाच्या खिशातून परत मागता येत नाही. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीत उचल या शब्दानं मजुराला कसं बांधून ठेवलं ते आपण पाहिलं आहे. तोच शब्द गाणाऱ्या माणसाला लावायचा असेल, तर निदान कोणत्या अर्थानं ते कागदावर यायला हवं. निर्मात्यांची बाजूही आहे : उचल घेऊन ऐन हंगामात दुसऱ्या कंपनीत गेलेला गायक गावासमोर कंपनीची पत घालवतो, आणि इसार परत करायची वेळ निर्मात्यावर येते. तरीही बंधनाचं ओझं दोघांवर सारखं पडत नाही, असं माझं मत आहे.

दुसरा मॅनेजर अलीकडचा. २०१६च्या सप्टेंबरपासून मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि नाटकातली गाणी यूट्यूबवर खेडोपाडी फिरू लागली. नटीपेक्षा गाणं आधी ओळखीचं झालं. लग्नात, जयंतीला, गणपतीत त्या गायिकेला वेगळं बोलावणं येऊ लागलं. २०२०ची होळी टाळेबंदीच्या पंधरा दिवस आधीच झाली होती, म्हणून तो हंगाम कसाबसा पार पडला. पुढचा मात्र कोलमडला, आणि नाईटीवर जगणाऱ्यांना कळलं की एकाच दारावर विसंबून चालत नाही. भाऊ, नवरा, गावातला शिकलेला पोरगा, यांनी फोन हातात घेतला. कलाकाराचं व्यवस्थापन करणारी कंपनी सुरुवातीला दिसते ती अशीच : एक माणूस, एक वही, एक चॅनेल.

अशा कंपनीचं पोट कलाकाराच्या कमाईवर असतं, साधारण दहा ते वीस टक्के. म्हणून कलाकाराचा दर वाढला तर तिचा फायदा. निर्मात्याचा मात्र खर्च वाढतो. दोघांनाही ‘मॅनेजर’ म्हणणं म्हणूनच घातक आहे. टक्का कशावर, हेही आधी ठरायला हवं. पन्नास हजारांच्या कार्यक्रमात साऊंड आणि वादकांचे तीस हजार गेले, तर वीस टक्के पन्नासावर म्हणजे दहा हजार, उरलेल्या वीसावर म्हणजे चार हजार. भांडणं इथेच होतात. वाढ होते ती दोन-तीन कलाकार एकाच ऑफिसातून चालवल्यावर, कारण गाडी, हिशेब आणि तारखांची वही तीच राहते. फार कलाकार घेतले की कोणाचाच फोन वेळेवर उचलला जात नाही.

करानंही एक गाठ मारली. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा लोककला किंवा अभिजात कलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट मिळाली. ती कलाकाराच्या सादरीकरणाला आहे, व्यवस्थापकाच्या कमिशनला नाही. आणि तीच गायिका नाटकातली लावणी सोडून लग्नात सिनेमाची गाणी म्हणाली, तर ती लोककला कशी ठरवायची?

रेकॉर्डिंगचा प्रश्न त्याहून मोठा. नाटक सुरू असताना कॅमेरा कंपनीचा, चॅनेल कधी कंपनीचं, कधी साऊंडवाल्याचं. चाल सिनेमाची असेल तर यूट्यूबवरचा पैसा बहुधा मूळ हक्कदाराकडे वळतो. चाल स्वतःची असेल तर? २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा असा हक्क दिला जो करारानं सोडून देता येत नाही, आणि गाणाऱ्याच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर त्यालाही रॉयल्टी देय केली. सादरीकरणावरचा हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. हंगामाच्या नाईटीत रेकॉर्डिंग धरलं आहे असं निर्माते सांगतात. कायद्याच्या अंगानं पाहिलं तर नाईट ही त्या रात्रीची मजुरी आहे, पुढच्या लाखो वेळा पाहिल्या जाण्याची नाही.

२०२३ साली झाडीपट्टीच्या रंगकर्मीला पद्मश्री मिळाली तेव्हा या भागाचं नाव बाहेर गेलं. बाहेरच्या व्यवस्थापन कंपन्यांना हे चार जिल्हे दिसू लागतील, तेव्हा त्या छापील करार घेऊन येतील : पाच वर्षांचं बंधन, सगळ्या कमाईवर टक्का, करार संपल्यावरही काही काळ कमिशन. पहाटे नाटक सुटल्यावर जंगलातल्या रस्त्यानं परत येणाऱ्या गाडीचा आणि त्यात झोपलेल्या कलाकारांचा विमा कोणाकडे, हा रकाना मात्र त्या छापील करारात शोधूनच घ्यावा लागेल. इथल्या तोंडी करारात तो अजून बोललाच गेलेला नाही.